टाकी हिरवीच राहते: लोहजिवाणू अडले की काय तपासायचं

"साहेब, टाकी अजून हिरवीच आहे." सोमवारी सकाळी शेडवरून येणारा हा फोन मी इतक्यांदा घेतलाय की पुढचे प्रश्न आता तोंडपाठ झालेत.

आमचं काम छोटं आहे. जुन्या सर्किट बोर्डांची पूड, तिच्यातलं तांबं आणि ते विरघळवणारं फेरिकचं पाणी (विरघळलेल्या लोहाची दोन रूपं: हिरवट ते फेरस, तांबूस ते फेरिक). हे पाणी तयार करतात अ‍ॅसिडीथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स नावाचे जिवाणू. हिराकशीतलं (म्हणजे फेरस सल्फेटमधलं) फेरस लोह हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने ते फेरिक करतात. फेरिक तांब्याला विरघळवतं आणि तसं करताना स्वतः पुन्हा फेरस होतं. मग जिवाणू ते परत फेरिक करतात. हे चक्र फिरत राहिलं की टाकी कोऱ्या चहासारखी तांबूस दिसते, अडलं की फिकट हिरवी. तांबं उतरू लागलं की त्यात निळसर झाकही येते.

कोळशाच्या खाणीतून झिरपणाऱ्या आम्ल पाण्यात हे जिवाणू १९४७ साली सापडले. पीएच २ च्या आसपास फेरसला नुसत्या हवेवर सोडलं तर वर्षं निघून जातात. जिवाणू हा वेग जवळजवळ दहा लाख पटींनी वाढवतात, असं सिंगर आणि स्टम यांनी १९७० साली दाखवलं. म्हणजे टाकी हिरवी राहिली तर शक्यता दोनच. एक तर जिवाणू कामच करत नाहीत, नाही तर काम करताहेत पण आपल्याला ते दिसत नाही. दुसरी शक्यता कुणाच्या डोक्यात येत नाही. सगळे थेट तांब्यावर आळ घेतात: "मेटल टॉक्सिसिटी झाली, कल्चर मेलं." मीही पूर्वी हेच म्हणायचो आणि टाकी ओतून मोकळा व्हायचो. त्यातल्या निम्म्या तरी टाक्या वाचल्या असत्या असं आता वाटतं.

लक्षणं

पूड न घालता नुसतं ९के माध्यम (जिवाणू वाढवायचं हिराकस घातलेलं क्षारांचं पाणी) आणि दहा टक्के विरजण (आमच्याकडे बीजकल्चरला सगळे विरजणच म्हणतात) घातलं, तर ३० अंशांना दोन ते चार दिवसांत लिटरमधलं ९ ग्रॅम लोह बदलायला हवं. ९के या नावातले ९ ते हेच: लिटरला सुमारे ९००० मिलिग्रॅम लोह. पाचव्या दिवशीही रंग हलला नाही, तर काहीतरी बिघडलंय.

बिघाडाची रूपं वेगवेगळी असतात. ओआरपी (फेरिक-फेरसच्या प्रमाणाबरोबर हलणारा मिलिव्होल्टचा आकडा) ३५०–४०० मिलिव्होल्टवर चिकटून बसतो. किंवा ५०० पर्यंत जातो आणि पूड घातल्या दिवशी धाडकन खाली येतो. पीएच अजिबात वर जात नाही, किंवा इतका वर जातो की टाकीच्या काठाला आणि नळीच्या तोंडाशी हळदीसारखा पिवळा थर बसतो. कधी टाकी पहिले दोन महिने मस्त चालते आणि मग दर फेरीला एक-एक दिवस मंदावत जाते. हे शेवटचं लक्षण सगळ्यात फसवं, कारण "मागच्या वेळी पण झालं होतं ना थोडं उशिरा" म्हणत आपण ते चालवून घेतो.

पीएचचं एक लक्षात ठेवा. फेरसचं फेरिक होताना आम्ल खर्ची पडतं, म्हणून निरोगी टाकीत पीएच आधी चढतो. पुढे फेरिक पाण्याशी अभिक्रिया करून आम्ल परत सोडतं, तेव्हा तो उतरतो. ही चढ-उतार दिसली की जिवाणू जिवंत आहेत, मग रंग काहीही असो. पहिल्या दोन दिवसांत पीएच हललाच नाही तर मात्र काळजी करा.

आधी चार बाटल्या लावा

क्रमाने पाहिलं तर ही तपासणी शेवटची आहे, पण तिला चार-पाच दिवस लागतात, म्हणून सुरुवात तिनेच करा. खर्च जवळजवळ शून्य. २५० मिलीचे चार शंकूपात्र, प्रत्येकात १०० मिली, पीएच १.८, कापसाचं बूच, शेकरवर किंवा निदान दर तासाला हाताने हलवून.

पहिल्यात ताजं ९के माध्यम ९० मिली आणि टाकीतलं निवळलेलं पाणी १० मिली. दुसऱ्यात टाकीचंच पाणी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून ९० मिली, वर निरोगी राखीव विरजण १० मिली. फेरस कमी असेल तर हिराकस घालून भरून काढा. तिसऱ्यात ताजं माध्यम आणि निरोगी विरजण. चौथ्यात नुसतं माध्यम. बाटल्यांवर मार्करने लिहा. चिठ्ठी चिकटवू नका, आम्लाच्या ओल्या हातांनी ती दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही.

निकाल कसा वाचायचा ते पुढे सांगतो. तोवर बाकीचं तपासून घेऊ.

मोजमाप खरं आहे का?

पहिला संशयित इलेक्ट्रोड. पीएच मीटर ४ आणि ७ च्या बफरवर जुळवून १.८ मोजणं म्हणजे पुणे-मुंबई अंतर मोजलेल्या टेपने नागपूर गाठणं. १.६८ चा बफर आणा. इलेक्ट्रोडच्या टोकाला पिवळा थर असेल तर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ बुडवा आणि मग भरपूर पाण्याने धुवा. भरपूर म्हणजे खरंच भरपूर, कारण क्लोराइड टाकीत जाऊ द्यायचं नाही.

ओआरपीच्या इलेक्ट्रोडची गोष्ट निराळी. त्याच्या आत पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण असतं आणि सच्छिद्र टोकातून ते हळूहळू झिरपतं. टाकीत फेरिक आणि सल्फेट आहेच, त्यात हे पोटॅशियम मिळालं की नेमकं त्या टोकावरच जॅरोसाइट (काठाला बसतो तोच लोह-सल्फेटचा पिवळा थर) बसतं आणि आकडे वाहवत जातात. सिल्व्हर-क्लोराइड संदर्भाच्या इलेक्ट्रोडवर निम्मं फेरस आणि निम्मं फेरिक असताना साधारण ४५०–४७० मिलिव्होल्ट दिसतात. प्रमाण दहा पटींनी बदललं की सुमारे ६० मिलिव्होल्टचा फरक पडतो. ६०० च्या वर गेलात तर फेरस जवळजवळ संपलं. तुमचा इलेक्ट्रोड रंगाशी अजिबात न जुळणारं काही सांगत असेल तर आधी त्याच्यावरच संशय घ्या.

खरा न्याय टायट्रेशनचा. डायक्रोमेट, सल्फ्युरिक-फॉस्फोरिक आम्लाचं मिश्रण आणि डायफेनिलअमाइन सल्फोनेटचा दर्शक. जांभळा रंग टिकला की थांबायचं. फेनँथ्रोलीनची रंगपद्धत सुटसुटीत आहे, पण तांबं आणि जास्तीचं फेरिक दोन्ही तिच्यात लुडबुड करतात. आमच्या कामात मी ती वापरत नाही.

इथे एक सापळा आहे, मी त्यात दोनदा पडलोय. नमुना सकाळी काढला आणि टायट्रेशन संध्याकाळी केलं, तर बाटलीतले जिवाणू दिवसभर काम करत राहतात आणि फेरस कमी भरतं. त्याच नमुन्यात पुडीचे कण असतील तर तांबं फेरिकचं फेरस करत राहतं आणि फेरस जास्त भरतं. एकच बाटली, दोन्ही बाजूंनी खोटी. नमुना काढायचा, कण लगेच गाळायचे, तिथल्या तिथे टायट्रेशन.

साबण, पाणी, हिराकस

"टाकी कशाने धुतली?" हा माझा फोनवरचा पहिला प्रश्न असतो. भांडी घासायचं लिक्विड असं उत्तर आलं की अर्धं निदान झालं. अमेरिकेत कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांवर हेच जिवाणू थांबवायला सोडियम लॉरिल सल्फेट फवारतात, म्हणजे साबणासारखंच फेस आणणारं रसायन. जे खाणवाले त्यांना मारायला वापरतात, ते आपण टाकी चकचकीत दिसावी म्हणून घालतो! टाकी पातळ सल्फ्युरिक आम्लाने आणि पाण्याने धुवा, बास.

आणि चकचकीत करूही नका. भिंतीवरचा पातळ पिवळा थर हे जिवाणूंचं घर असतं. एकदा पाहुणे येणार म्हणून आम्ही टाकी आतून घासूनपुसून काढली. पुढची फेरी सुरू व्हायला आठवडा लागला. जाड पापुद्रे काढा, पातळ थर राहू द्या.

पाणी नळाचं असेल तर क्लोरीन, बोअरचं असेल तर कार्बोनेट आणि क्लोराइड. आरओचं किंवा डिस्टिल्ड वापरा. उन्हाळ्यात हवेच्या बुडबुड्यांबरोबर पाणी उडून जातं आणि पातळी उतरते. ती भरायला पुन्हा माध्यम ओतलं तर प्रत्येक क्षार दर आठवड्याला घट्ट होत जातो. दर फेरीला थोडं मंदावणारी टाकी हा बऱ्याचदा याचाच परिणाम असतो. भर साध्या शुद्ध पाण्याची घाला.

हिराकस नीट पाहा. चांगली हिराकस समुद्री हिरवी आणि खडीसाखरेसारखी स्फटिकी असते. पिवळी-तपकिरी पडलेली म्हणजे आधीच गंजलेली. शेतीसाठी विकली जाणारी हिराकस चालू शकते, पण तिच्यात मँगनीज, जस्त, टायटॅनियम काय काय येतं ते पोत्यागणिक बदलतं. नवं पोतं उघडल्याच्या आठवड्यातच टाकी अडली असेल तर जुन्या पोत्यातली हिराकस घेऊन एक बाटली लावा.

तापमान

२८ ते ३२ अंश हा त्यांचा सुखाचा पल्ला. ३७-३८ च्या पुढे दम लागतो, ४० ओलांडलं की मरायला लागतात. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात काळ्या टाकीचं काय होतं ते सांगायला नको. थर्मामीटर सकाळी नऊला बघू नका, दुपारी तीनला टाकीच्या आत घालून बघा. आम्ही टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळतो आणि त्यावर पंखा सोडतो, चार-पाच अंश सहज उतरतात. डिसेंबरच्या रात्री उलटी रड. तेव्हा मत्स्यालयात वापरतात तसा काचेचा हीटर चालतो. पाण्यात वीज सोडताय, तर आधी ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि ते इलेक्ट्रिशियनकडून.

दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून सोन्याच्या खनिजावर असेच जिवाणू मोठ्या टाक्यांत काम करतात, आणि तिथलं तापमान ४० च्या घरात असतं. हे वाचून कुणी आपली टाकीही तापवायला घेऊ नये. तिथली वस्ती निराळी आहे, लेप्टोस्पिरिलमसारख्या दुसऱ्या लोहजिवाणूंची. त्यांच्याबद्दल पुढे.

हवा

इथे सगळ्यात जास्त टाक्या अडतात, म्हणून जरा आकडे मांडतो. १ ग्रॅम फेरसला ०.१४३ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे लिटरमधल्या ९ ग्रॅम लोहाला १.२९ ग्रॅम. आणि ३० अंशांच्या पाण्यात एका वेळी विरघळलेला ऑक्सिजन असतो लिटरला साडेसात मिलिग्रॅम. गरजेच्या जेमतेम दीडशेवा-पावणेदोनशेवा भाग. जोरात चालू असलेली टाकी तासाला लिटरमागे अर्धा ग्रॅम लोह बदलत असेल, तर पंप बंद पडल्यावर तिचा शिल्लक ऑक्सिजन सहा-सात मिनिटांत संपतो. लोडशेडिंग दोन तासांचं असतं.

थोड्या वेळाच्या उपासाने जिवाणू मरत नाहीत. पण तेवढ्यात पुडीतलं तांबं फेरिक खात राहतं, आणि लाईट आल्यावर टाकी हिरवी दिसते. मग कुणीतरी घाबरून त्यात आम्ल ओततं. मी म्हणतो, पंपाला छोटा इन्व्हर्टर लावा, तो पहिल्या वाचलेल्या टाकीतच वसूल होतो.

हवा किती? टाकीच्या आकारमानाच्या निम्मी ते एक पट, दर मिनिटाला. विरघळलेला ऑक्सिजन २ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. मीटर नसेल तर बुडबुडे पाहा: बारीक आणि सगळीकडे हवेत, एका कोपऱ्यात भकाभका नकोत. बहुतेक वेळा बुडबुडे सोडणाऱ्या दगडाची भोकं जॅरोसाइटने बुजलेली असतात. जिवाणूंना कार्बनही हवेतूनच मिळतो, हवेतल्या ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइडमधून. म्हणून हवा कमी पडली की श्वास आणि जेवण दोन्ही एकदम तुटतात.

नळीच्या तोंडाशी पांढरा टिश्यू पेपर दहा मिनिटं धरा. तेलाचा डाग दिसला तर कंप्रेसर तेल ओकतोय. तेलविरहित पंप घ्या. वाटेत पितळी व्हॉल्व असेल तर तोही पाहा. आम्लाचे तुषार उलटे चढून तो हिरवा पडला असेल तर बदलून प्लास्टिकचा लावा.

आम्ल

९ ग्रॅम लोह बदलताना, फेरिकने काही परत दिलं नाही असं धरलं तर, लिटरला जवळपास ८ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल खर्ची पडतं. पीएच २ च्या पाण्यात मोकळं आम्ल त्याच्या सोळाव्या हिश्श्याइतकंही नसतं. २.५ च्या वर गेलात की फेरिक जॅरोसाइट होऊन बसायला लागतं, आणि बसताना फॉस्फेटही घेऊन जातं. फॉस्फेट गेलं की जिवाणू धातूंपुढे हळवे होतात, कारण पेशीत शिरलेलं तांबं बाहेर काढायला ते फॉस्फेटच्या साखळ्या वापरतात. पीएच बिघडला की तांबं विषारी वाटू लागतं ते असं, आणि दोष जातो तांब्यावर.

१.६ ते २.० मध्ये ठेवा. १.३ च्या खाली ढकलू नका, जिवाणू मंदावतात. आम्ल आधी दहा टक्क्यांपर्यंत पातळ करा (पाण्यात आम्ल, उलटं कधीच नाही), आणि थेंबाथेंबाने सोडा. चष्मा, हातमोजे, लांब बाह्या.

पूड: जिवाणू चालताहेत, पण दिसत नाही

आता ती दुसरी शक्यता. १ ग्रॅम तांबं विरघळताना १.७६ ग्रॅम फेरिकचं फेरस करतं. लिटरला १० ग्रॅम पूड घातली आणि तिच्यात चौथा हिस्सा तांबं असेल, तर साडेचार ग्रॅमच्या आसपास फेरिक खर्ची पडणार. पुडीत लोखंडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा भुगा असेल तर आणखी. जिवाणू पुरतं काम करत असले तरी तांबं त्यांच्याइतक्याच वेगाने फेरिक खातंय, म्हणून टाकी हिरवी. नोकरदार माणसाच्या खात्यात महिनाअखेरीला शून्य दिसतं म्हणून त्याला पगारच नाही असं कुणी म्हणत नाही.

ओळखायचं कसं? टाकीतलं पाणी दहा मिनिटं निवळू द्या, कण खाली बसले की वरचं बाटलीत घ्या आणि हलवत ठेवा. दिवसाभरात फेरस घटलं तर जिवाणू ठणठणीत आहेत, पूड जास्त झालीय. पूड थांबवा, थोडी थोडी घाला.

आणि आधी फेरिकचं पाणी पूर्ण तयार होऊ द्या, मग पूड. दोन्ही एकदम घालायचा मोह सगळ्यांना होतो. बोर्डातलं काचतंतूचं कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियम पीएच वर ओढतात, शिवाय तांबं विरघळणं हेच शेवटी आम्ल खातं: १ ग्रॅमला दीड ग्रॅमहून थोडं जास्त. म्हणून पूड आधी वेगळ्या बादलीत पातळ आम्लाने धुवा, पीएच स्थिर होईपर्यंत. ही बादली उघड्यावर ठेवा. अ‍ॅल्युमिनियम आणि आम्लातून हायड्रोजन निघतो, झाकण लावलेल्या ड्रमात हे करायचं नाही.

आता धातू

इथवर काही सापडलं नसेल तर बाटल्या पाहू.

तिसरी बाटली चालली नाही तर तुमचं माध्यम, पाणी किंवा राखीव विरजणच खराब, बाकीच्या बाटल्यांना अर्थ नाही. चौथी चालली तर भांडी स्वच्छ नव्हती. पहिली चालली आणि दुसरीही चालली: जिवाणू जिवंत, पाणी निर्धोक, म्हणजे दोष टाकीच्या हवा-उष्णता-आम्ल-पुडीत आहे, पुन्हा वर जा. पहिली चालली पण दुसरी अडली: पाण्यात विष आहे, पण जिवाणू तग धरून आहेत. पहिली अडली आणि दुसरी चालली: जिवाणू मेले, पण मारणारं कारण निघून गेलं, एखाद्या दुपारची उष्णता बहुधा. दोन्ही अडल्या तर पाणी टाका, विरजण नवं घ्या.

दुसऱ्या बाटलीत एक गोम आहे. राखीव विरजणाने कधी तांबं पाहिलंच नसेल, तर लिटरला ५ ग्रॅम तांब्यात ते असंही अडखळेल, आणि तुम्ही निष्पाप पाण्याला विषारी ठरवाल. तांब्याची सवय पायरीपायरीने लावतात: मोरचूद (कॉपर सल्फेट) घालून लिटरला अर्धा ग्रॅम तांबं, मग एक, दोन, पाच, प्रत्येक पायरीवर वेग पूर्ववत झाल्यावरच पुढची. सवयीचे वाण लिटरला कित्येक ग्रॅम तांबं सहन करतात. जस्त आणि निकेल तर आणखी सहज. तांबं त्यांना परकंही नाही. लोहातून इलेक्ट्रॉन घेताना ते जे रस्टिसायनिन वापरतात, ते तांब्याचंच निळं प्रथिन आहे. मात्र तांब्याशिवाय वाढवत राहिलात तर सवय मोडते, म्हणून राखीव बाटल्यांतही थोडं मोरचूद ठेवा.

मग खरं विष कोणतं? माझ्या अनुभवात क्लोराइड पहिलं. एकदा तीन आठवडे मी तांब्याशी भांडत होतो. शेवटी कळलं की पूड देणाऱ्याने प्लास्टिक तरंगवून काढायला ती मिठाच्या घट्ट पाण्यातून काढली होती आणि नंतर धुतलीच नव्हती. जिभेला लावून पाहिलं असतं तरी कळलं असतं (लावू नका, शिसं असतं). लिटरला काही ग्रॅम क्लोराइड यांना जड जातं, आणि त्याने स्टीलच्या दांड्याला खड्डेही पडतात. तपासायला पुडीचं धुतलेलं पाणी दहापट पातळ करा, नायट्रिक आम्लाचा थेंब टाका आणि सिल्व्हर नायट्रेट घाला. दह्यासारखं पांढरं फुटलं तर क्लोराइड. ते परीक्षानळीतलं पाणी मात्र चुकूनही टाकीत ओतू नका, कारण दुसरं विष चांदी. तांबं ग्रॅममध्ये पचवणारे हे जिवाणू चांदीपुढे आणि पाऱ्यापुढे मिलिग्रॅममध्ये, त्याहूनही कमी मात्रेत आडवे होतात. फुटलेला ओआरपी इलेक्ट्रोड टाकीत तसाच राहिला तर क्लोराइड आणि चांदी दोन्ही आत जातात. काचेला तडा दिसला की लगेच बाहेर.

तिसरं, सेंद्रिय. सोल्डरिंगच्या फ्लक्समधली आम्लं, ईपॉक्सीचे अवशेष, कुणी "जिवाणूंना ताकद" म्हणून घातलेली साखर किंवा यीस्ट अर्क. ॲसेटिक आम्लासारखी सेंद्रिय आम्लं इतक्या कमी पीएचला आयनांत न फुटता थेट पेशीत शिरतात आणि आत जाऊन फुटतात. ज्यांना आपण खाणं समजतो ते यांना मारतं.

दर फेरीला मंदावत गेलेल्या टाकीत कधी वस्तीच बदललेली असते. फेरिक खूप जास्त आणि फेरस अगदी कमी असेल तर लेप्टोस्पिरिलम पुढे येतं, कारण थोड्या फेरसवरही त्याचं भागतं आणि फेरिकचा त्याला त्रास कमी होतो. तांब्याची मात्र त्याला सहसा जास्त बाधा होते, आणि गंधक त्याला खाताच येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सरळ बारीक दांड्यांऐवजी वळलेले, नागमोडी जीव दिसले तर समजा. चळवळणारं सगळंच जिवंत नसतं, जॅरोसाइटचे कणही थरथरतात.

कुठे थांबायचं

सडक्या अंड्याचा वास आला तर तपासत बसू नका. सल्फाइड असलेलं काही आम्लात गेलंय आणि हायड्रोजन सल्फाइड निघतोय. जास्त झालं की नाकाला वास येणंच बंद होतं. शेड रिकामी करा, वारा येतो तिकडे जा आणि अग्निशमन दलाला फोन करा. आम्लाची टाकी किंवा लाइन गळत असेल तर हे काम फॅब्रिकेटरचं आहे, एम-सीलने भागवू नका.

दुसरी बाटली अडली, क्लोराइड निघालं नाही, तर चांदी-पारा-आर्सेनिक घरी शोधता येत नाही. नमुना आम्ल घालून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आयसीपी (धातू अगदी थोड्या मात्रेतही मोजणाऱ्या यंत्राच्या) तपासणीला द्या. खर्च आहे, पण तीन आठवडे अंदाज बांधण्यापेक्षा कमीच. पुडीत आर्सेनिक असल्याची नुसती शंका असेल तरी अहवाल येईपर्यंत ती पूड वापरू नका.

दोनदा नवं विरजण लावूनही पहिली बाटली हलत नसेल तर तुमचा मूळ साठाच गेलाय. मित्राच्या लॅबमधली अर्धी बाटली मागण्यापेक्षा पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मधल्या एनसीआयएमसारख्या जिवाणूंच्या अधिकृत संग्रहातून शुद्ध कल्चर मागवा आणि सोबतच्या सूचनांबरहुकूम जागवा.

आणि ओतून द्यायची वेळ आली, तर नाल्यात नाही. तांबं-लोहाचं आम्ल पाणी हा घातक कचरा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीत जी विल्हेवाट लिहिलीय तीच करायची. परवानगीच नसेल तर आधी सल्लागार गाठा, टाकी नंतर.

आता नवीन फेरी लावाल तेव्हा त्यातलं १०० मिली चांगलं चाललेलं पाणी बाजूला काढून दोन बाटल्यांत लावून ठेवा, एक इथे आणि एक दुसऱ्या शेडमध्ये. दर दोन-तीन आठवड्यांनी ताज्या माध्यमात बदला. आमच्याकडे दुसरी बाटली वॉचमनच्या खोलीत खिडकीशी असते. वॉचमनकाका रोज सकाळी ती दोन वेळा हलवतात आणि रंग वहीत लिहितात: "आज चहा", "आज सरबत".